उभ्या गाडीचं वय

डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीच्या आवारात गाडीचं बोनेट उघडावं आणि गंमत बघावी. पाच मिनिटांच्या आत पहिला माणूस येतो. तो बोलत नाही. हात पाठीमागे बांधून नुसता आत डोकावतो. दुसरा येतो तो विचारतो, "काय झालं?" तिसऱ्याला न विचारताच कळलेलं असतं. "बॅटरी," तो म्हणतो. चौथा इस्त्रीचे कपडे घेऊन घरी निघालेला असतो, तो कपड्यांसकट थांबतो आणि सेल्फची शंका काढतो. मग बॅटरी पक्ष आणि सेल्फ पक्ष अशी फूट पडते, कुणीतरी चुलतभावाच्या गाडीचं बदलापूरजवळ काय झालं होतं ते सविस्तर सांगतो, आणि ज्याची गाडी आहे तो मालक या सगळ्यात उपरा होऊन बाजूला उभा राहतो. वॉचमनने या सगळ्यांपेक्षा जास्त गाड्या बंद पडताना पाहिलेल्या असतात, पण त्याला कुणी विचारत नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे अशीच सभा भरली होती. गाडी बी विंगमधल्या एका शिक्षिकाबाईंची. किल्ली फिरवली की नुसतं 'टक्', पुढे काही नाही. सभेचं मत 'टोइंगवाल्याला बोलवा' इथवर आलं होतं. बाई डिकीकडे गेल्या, एक छोटा पाना आणि जुना टूथब्रश घेऊन आल्या. बॅटरीची आधी काळी केबल सोडली, मग लाल. टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवट भुगा कोमट पाण्याने धुऊन ब्रशने घासून काढला, टर्मिनल फडक्याने कोरडं केलं. बसवताना आधी लाल, मग काळी. नट आवळला, गाडी सुरू केली आणि शाळेत निघून गेल्या. सभा थोडा वेळ तशीच उभी होती; विषय संपला तरी बोलायचं बरंच राहिलं होतं.

आधी काळी का, हे त्यातल्या कुणी विचारलं नाही म्हणून इथे सांगतो. गाडीचा सगळा पत्रा त्या काळ्या केबलला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. ती जागेवर असताना लाल सोडायला गेलात आणि पाना चुकून पत्र्याला लागला, तर ठिणगी उडते. काळी आधी सुटली की पाना कुठेही लागो.

बाईंचा पाना दहा नंबरचा होता. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत बॅटरीचे नट दहाचे, आणि बोनेटखालच्या किती तरी बारीकसारीक गोष्टी दहाच्याच नटाने धरलेल्या असतात. दुकानात हा पाना एकटा येत नाही, दहा-अकरा असा जोडीने येतो; तसेच बारा-तेरा, चौदा-पंधरा. टपारियाचा संच घेतला तर तो आपल्याच राज्यातला, नाशिकच्या सातपूरचा. संच घरी आला की सगळे पाने आयुष्यभर राहतात, फक्त दहा-अकरा तेवढा नाहीसा होतो. तो कुठे जातो याचा शोध अजून कुणाला लागलेला नाही. माझा सल्ला विचाराल तर दोन घ्यावेत आणि एक घरात कुणालाही न सांगता ठेवावा.

गाडीबरोबर कंपनीने दिलेली हत्यारं वेगळीच. जॅक, चाकाचा पाना, ओढून न्यायचा हूक, लाल त्रिकोण. ती एका काळ्या पिशवीत बांधून डिकीच्या तळाशी ठेवलेली असतात आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीला, बाहेर निघतात. पाटावर मांडतात, हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहतात. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला गाडीला हार, चाकांखाली लिंबू, आणि पिशवी पुन्हा तळाशी. जॅकला हळदकुंकू लागतं, ग्रीस लागत नाही. शस्त्रं पुजण्यासाठी असतात आणि लढाई दुसऱ्याने लढायची असते, ही आपली जुनी श्रद्धा आहे.

आता त्या पाचजणांना बोनेटखाली दिसतं तरी काय? नव्या गाडीत इंजिनावर काळ्या प्लास्टिकचं झाकण असतं, त्यावर कंपनीचं नाव असतं, आणि ते पाहून कुणाला काही कळू नये अशीच योजना असावी. तरी झाकणाच्या आजूबाजूला मालकासाठी म्हणून थोड्या जागा मोकळ्या सोडलेल्या असतात. बोट अडकवायची एक कडी असते, बहुधा पिवळी; ती ऑइलची डिपस्टिक. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली, मग ती ओढायची, पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून काढायची आणि दोन खुणांच्या मध्ये तेल आहे का बघायचं. पुसायचं राहिलं तर पहिल्या वेळी दिसतं ते काहीच खरं नसतं. धुरकट प्लास्टिकचा डबा कूलंटचा. पातळी बाहेरूनच दिसते, झाकण उघडायचं कारण नाही, आणि इंजिन गरम असताना तर नाहीच नाही. ब्रेक ऑइलचा छोटा डबा मागे काचेच्या बाजूला. काचेवर पाणी उडवण्याची टाकी वेगळी. तिच्या टोपणावर वायपरचं चित्र असतं. अख्ख्या बोनेटखाली एवढी एकच टाकी आपण उत्साहाने भरतो, आणि संपली तरी काही बिघडणार नाही अशी तीच एक.

मोठा चौकोनी काळा डबा असतो तो एअर फिल्टरचा. दोन-चार क्लिपा सोडल्या की उघडतो. डोंबिवलीकराने हा डबा अधूनमधून उघडून बघावाच. जानेवारी २०१४ मध्ये आमच्याकडे हिरवा पाऊस पडला होता, आणि २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झालेला पाहायला मुख्यमंत्री आले होते. त्यात भर म्हणून घोडबंदरला मेट्रो ४, ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ आणि शीळ रस्त्यावर मेट्रो १२ यांच्या कामांची धूळ. ही सगळी हवा इंजिन घेतं ते त्या कागदी घडीच्या फिल्टरमधून. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते, म्हणजे इंजिन पेट्रोलवर चालतं म्हणण्यापेक्षा हवेवर चालतं म्हणणं वजनाच्या हिशेबाने जास्त खरं. मी आमच्या गाडीचा फिल्टर काढून उन्हात धरला तेव्हा नव्याचा पांढरा कागद करड्या रंगाचा झाला होता आणि घड्यांच्या तळाशी सिमेंटसारखी बारीक भुकटी होती. तो हलक्या हाताने आपटून झाडायचा, धुवायचा नाही. फार मळला असेल तर सरळ बदलायचा. आपल्या फुप्फुसांच्या बाबतीत ही सोय नाही.

इंजिन बसवण्याच्या तऱ्हेचा आणि आमच्या गावाचा एक जुना संबंध आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं: पुढे पंखा, मग एकामागे एक चार सिलिंडर, मग गिअरबॉक्स, मग गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांबलचक शाफ्ट. त्या शाफ्टसाठी मागच्या सीटसमोर जमिनीला उंचवटा असायचा, आणि मधे बसणाऱ्या धाकट्या भावंडाचे गुडघे त्यामुळे सतत हनुवटीपाशी असायचे. पण बोनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा. हात घाला, पाना फिरवा, प्लग काढा.

त्याच कंपनीचा दुसरा कारखाना आमच्या कल्याण-शीळ रस्त्यावर होता. १९९० च्या दशकात फ्रान्सच्या प्युजोशी भागीदारी करून तिथे प्युजो ३०९ निघू लागली. तिचं इंजिन आडवं. त्याआधी १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० चंही आडवंच. लोकलच्या तीन माणसांच्या बाकावर चौथी सीट पकडणारा माणूस जसा अंग चोरून आडवा टेकतो आणि सगळ्यांची सोय होते, तसं हे इंजिन. गिअरबॉक्स शेजारीच चिकटवलेला, तिथून आखूड शाफ्ट थेट पुढच्या चाकांना. पोटाखालचा लांब दांडा गेला, उंचवटा गेला, मधल्याचे गुडघे खाली आले. इंजिनाची जागा माणसांना मिळाली, आणि मेकॅनिकच्या हाताची जागा गेली. प्युजोचा भागीदारीचा संसार काही टिकला नाही. दशक संपायच्या आत तिने गाशा गुंडाळला. तिचं १५२७ सीसीचं डिझेल इंजिन मात्र मारुतीच्या झेन आणि एस्टीमच्या पोटात बरीच वर्षं धावलं. कारखान्याच्या पट्ट्यात आता टॉवर उभे आहेत, आणि त्या टॉवरांच्या पोडियमवर आडव्या इंजिनांच्या गाड्या.

पद्मिनीच्या मालकांची पिढी मी जवळून पाहिली आहे. त्यांना इंजिनातलं कळायचं ते हौसेपेक्षा गरजेपोटी. पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, कार्बोरेटरच्या जेटमधला कचरा फुंकून काढायचा, कसारा घाट चढताना रेडिएटर उकळला की बाजूला घेऊन थर्मासमधला चहा प्यायचा आणि कॅप गार व्हायची वाट बघायची. गाडी रोज काहीतरी मागायची आणि मालक रोज काहीतरी शिकायचा. पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा भरून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. ते सगळं ज्ञान चालत्या गाडीचं होतं. गाडी वाटेत बंद पडली तर काय करायचं, हा त्या काळचा प्रश्न. आमच्या पिढीचा प्रश्न निराळा आहे, कारण आमची गाडी वाटेत बंद पडत नाही. ती घरीच बंद पडते.

डोंबिवलीकर गाडी घेतो ती ऑफिसला जायला घेत नाही. ऑफिसला लोकल आहे. ठाणं रेल्वेने जेमतेम १५ किलोमीटर. शीळफाट्याच्या रस्त्याने निघालात तर मुंब्रा बायपास धरून पारसिकच्या डोंगराला अर्धी प्रदक्षिणा, आणि त्या प्रदक्षिणेत पुण्य नाही. मग गाडी कशासाठी? लग्नकार्यासाठी, गणपतीत कोकणात जायला, आईला डॉक्टरकडे न्यायला, आणि सोसायटीत मिळालेली पार्किंगची जागा हातची जाऊ नये म्हणून. शेवटचं कारण कुणी बोलून दाखवत नाही. पण गाडी काढली तर परत येईपर्यंत तिथे पाहुण्याची गाडी लागेल, या भीतीने सावित्रीबाई फुले कलामंदिरात नाटकाला रिक्षाने जाणारे लोक मला माहीत आहेत. एमएच-०५ ची पाटी लावलेल्या अशा कितीतरी गाड्या कव्हराखाली आठवडाभर उभ्या असतात, आणि मालक समजतो की गाडी झिजत नाहीये.

आमच्या मेकॅनिककडे एक काका गाडी घेऊन आले होते. अभिमानाने म्हणाले, "सात वर्षांत अठरा हजार फक्त!" मेकॅनिकचा चेहरा उतरला.

"काका, गाडी वापरता की नुसती सांभाळता?"

"सांभाळतो ना. नव्यासारखी ठेवलीय."

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला, आणि गाडीखाली गेला.

कंपनीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं: दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. आपल्याकडे दरवेळी वर्षच आधी येतं आणि आपण किलोमीटरची वाट बघत बसतो. खरं तर किलोमीटर हे माप आपल्या गावांना लागूच पडत नाही. ट्रॅक्टरची, सोसायटीच्या जनरेटरची सर्व्हिस तासांवर ठरते, कारण एक हळू जातो आणि दुसरा कुठेच जात नाही. संध्याकाळी घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या अलीकडे अडकलेली गाडी यातल्या कुठल्या वर्गात बसते ते तुम्हीच ठरवा. इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे घेतं, म्हणजे तासाला ४८,००० फेरे. तेवढ्या वेळात मीटर पाच किलोमीटरने पुढे सरकलेला. समृद्धी महामार्गावर त्याच तासात शंभर किलोमीटर होतात. मीटर बघून दोन्ही गाड्यांचं तेल सारखं ठरवलं तर घोडबंदरवाल्यावर अन्याय होतो. वाऱ्याचा झोत नाही, रेडिएटरचा पंखा एकटा राबतोय, तेल तापतंय, आणि हिशेबात यातलं काही लिहिलं जात नाही. तापमानाचा काटा लालकडे सरकू लागला तर आधी एसी बंद करावा; तरी सरकला तर बाजूला घेऊन इंजिन बंद. तेवढ्यात मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू देत.

ज्या गाड्या जॅममध्येसुद्धा जात नाहीत, त्यांचं दुखणं आणखी वेगळं. गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ, आतला कॉम्प्युटर हे बॅटरीतून थोडं थोडं खात असतात. दोन-तीन आठवडे गाडी हलली नाही की जुनी बॅटरी हात वर करते. मग मालक एक युक्ती करतो: रोज सकाळी खाली येऊन पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतो. यात सगळ्यांचं नुकसान आहे. स्टार्ट करताना जेवढी वीज खर्च झाली ती तेवढ्यात धड भरूनही निघत नाही, आणि इंजिन पुरतं गरम होत नाही. पेट्रोल जळलं की त्यातून पाण्याची वाफ होते. इंजिन तापलेलं असेल तर ती बाहेर पडते, थंड असेल तर आतच राहून तेलात उतरते. पावसाळ्यात अशा गाडीची ऑइल भरायची टोपी उघडून उलटी करून बघा. आतल्या बाजूला पिवळट पांढरा चिकट थर दिसेल. पुसून टाका आणि गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवा. त्यानंतरही थर पुन्हा येत राहिला, किंवा डिपस्टिकवरचं तेलच दुधाळ दिसलं, तर मात्र मेकॅनिक गाठा. कूलंट तेलात शिरत असेल आणि गोष्ट हेड गॅसकेटवर गेली असेल.

त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. पश्चिम महाराष्ट्राचा ऊस शेवटी आमच्या टाकीत येऊन पडला, सहकाराचा हा प्रवास मला मनापासून आवडतो. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अर्धी रिकामी ठेवून कोकणासारख्या दमट हवेत सोडू नये, आणि एकदा भरलेलं पेट्रोल वर्षभर पुरवूही नये. सीएनजीवाल्यांनीही पेट्रोलवर अधूनमधून गाडी फिरवावी, म्हणजे टाकीतलं पेट्रोल शिळं होत नाही. त्या अर्ध्या-पाऊण तासाच्या फेरीसाठी रविवारी पहाटे सहाला काटई नाक्याकडून बदलापूरच्या दिशेला गाडी काढली तर रस्ता बऱ्यापैकी मोकळा मिळतो आणि परत येईपर्यंत पार्किंग चोरायला कुणी उठलेलं नसतं.

हँडब्रेकचंही तेच. पावसाळ्यात गाडी धुऊन, ओल्या चाकांनी, हँडब्रेक खेचून आठ-दहा दिवस लावली की मागचे लायनर ड्रमला चिकटतात. सुटताना असा आवाज येतो की पहिल्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत येतात. सपाट पार्किंगमध्ये गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकाला विटेचा तुकडा लावावा, आणि हँडब्रेकला सुट्टी द्यावी.

मग उंदीर. उभ्या गाडीचं बोनेट म्हणजे त्यांना ऊबदार, कोरडी, भाडं नसलेली जागा, आणि शिवाय वायरी. दरवर्षी भाद्रपदाच्या सुमारास एखाद्याच्या गाडीची वायरिंग कुरतडलेली निघते आणि फडके रोडच्या गणपतीला रोज नमस्कार करणारा तो माणूस हताश होऊन म्हणतो, बाप्पाच्या वाहनाने आमचं वाहन खाल्लं. उपाय प्रत्येकाचा वेगळा. कुणी डांबरगोळ्या ठेवतं, कुणी तंबाखूची पानं, कुणी फिनेल शिंपडतं. आमच्या सोसायटीत हे तिन्ही वास एका रांगेत येतात आणि उंदीर आपापल्या आवडीप्रमाणे गाडी निवडतात. खरा गुण येतो तो गाडी हलती ठेवल्याने. पार्किंगमध्ये कबुतरांना आणि कुत्र्यांना घातलेलं खाणं बंद झालं तरी निम्मा प्रश्न सुटेल, पण तो विषय सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत काढण्याची माझी हिंमत नाही. थंडीत मात्र एक करावं: सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा माराव्यात. आत मांजर झोपलेलं असू शकतं.

पुराबद्दल फार लिहीत नाही. २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना तेव्हा कळत नव्हतं त्यांनी २०१९ च्या जुलैत वांगणीपाशी पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस टीव्हीवर पाहिली आहे. पाण्यातून जाताना लोक सायलेन्सरची चिंता करतात. खरं दार पुढे आहे, हवा आत घेणारं, बहुतेक गाड्यांत हेडलाइटच्या उंचीच्या आसपास. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं आणि पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही. गाडी ढकलून बाहेर काढायची, बॅटरीची काळी केबल सोडायची आणि मेकॅनिकची वाट बघायची. ढकलायला माणसं मिळतात. डोंबिवलीत पावसात अनोळखी गाडी ढकलायला लोक येतात, बोनेटभोवती जमतात त्यापेक्षाही लवकर येतात. तेवढं श्रेय गावाला द्यायला हवं.

टायर हा उभ्या गाडीचा सगळ्यात फसवा भाग. नक्षी शाबूत, काळाभोर रंग, धुणाऱ्या मुलाने पॉलिश केलेला. पण रबराचं वय किलोमीटरवर जात नाही. टायरच्या बाजूला, बऱ्याचदा आतल्या अंगाला, छोट्या चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षांनी रबर कडक व्हायला लागतं, बाजूच्या भिंतीवर केसासारख्या भेगा दिसू लागतात. मानपाडा रोडवर वीसच्या वेगाने त्यांचं काही बिघडत नाही. पण जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग आमच्या भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत आला आहे. नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर, कारला वेगाची मर्यादा १२०. वर्षभर कव्हराखाली असलेली गाडी दिवाळीच्या सुट्टीत थेट त्या तापलेल्या काँक्रीटवर जाते, चार माणसं आणि फराळाचे डबे घेऊन. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या कागदावर छापलेलं असतं, भरलेल्या गाडीसाठी बऱ्याचदा वेगळा आकडा असतो, आणि ती टायर थंड असताना भरायची. पंपावरचा मुलगा विचारतो, "किती?" आणि आपण आत्मविश्वासाने म्हणतो, "तीस." हा तीस कुठून आला हे कुणालाही माहीत नाही.

चाक बदलणं अवघड नाही, फक्त क्रम पाळावा लागतो. हँडब्रेक, पहिला गिअर, तिरक्या बाजूच्या चाकाला दगड. नट जॅक लावायच्या आधीच, चाक जमिनीवर असतानाच ढिले करायचे. हाताने ऐकत नसतील तर पान्यावर पाय देऊन. मग जॅक, मग चाक बाहेर. बसवताना नट समोरासमोरचे आवळत जायचे आणि शेवटचा आवळा गाडी खाली उतरवल्यावर द्यायचा. हे एकदा सोसायटीच्या आवारात, उजेडात, पाच सल्लागारांच्या उपस्थितीत करून बघावं. इगतपुरीच्या बोगद्याबाहेर रात्री शिकण्यापेक्षा ते बरं.

तेव्हा या रविवारी एक काम करा. डिकी रिकामी करा, मॅट उचला आणि स्टेपनी बाहेर काढा. सीएनजीची गाडी असेल तर ती टाकीमागून निघते का हेही त्यानिमित्ताने कळेल. तिची हवा भरून घ्या आणि ते चार आकडे वाचा. स्टेपनी कधी रस्त्याला लागलेली नसते, त्यामुळे ती नवीन आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ती गाडीएवढीच जुनी असते. शेवटचे दोन आकडे १७ किंवा १८ निघाले, तर टायरवाल्याकडून कोपऱ्यापर्यंत आणायला ती चालेल, आमणेच्या पुढे नेऊ नका.